यंत्राला एक दिवस विश्रांती

आंधळगावच्या सेवकराम सोनकुसरेला कुणी विचारलं, "कॉलेजात काय करता जी?" तर तो सांगायचा, "प्रयोगशाळेत असतो." काम म्हणाल तर काचेची भांडी धुणं, टेबलं पुसणं, चाव्या सांभाळणं. पण सांगण्याचा तोरा असा, की समोरच्याला वाटावं, शोध हाच लावतो आणि प्राध्यापक मंडळी भांडी धुतात. एवढा तोरा सोडला तर माणूस सरळ होता. कोणाच्या अध्यात नाही, मध्यात नाही. आयुष्यात एकदाच तो गप्प बसू नये तिथे गप्प बसला, आणि ही त्या गप्प बसण्याची गोष्ट आहे.

जन्मानं आणि हातानं तो कोष्टी. घरात खड्ड्याचा माग, त्यावर कोशाचं, म्हणजे रानरेशमाचं, कापड. रानात ऐनाच्या झाडांवर वाढलेल्या किड्यांचे कोसे धीवर लोक आणून देत. शोभाताई, म्हणजे त्याची बायको, ते सोडा घातलेल्या पाण्यात उकळायची आणि मांडीवर त्यांचं सूत वळायची. वळून वळून तिच्या मांडीवर एक गुळगुळीत पट्टा पडला होता. सेवकराम खड्ड्यात पाय सोडून बसला की दिवसभर धोटा इकडून तिकडे. भंडाऱ्यातून गोंदिया वेगळं निघालं, नकाशे बदलले, कचेऱ्यांच्या पाट्या बदलल्या. खड्ड्यात बसलेल्या माणसाला त्याचं काही सोयरसुतक नव्हतं. पण त्याच काळात गल्लीतले माग एकेक करून थांबत गेले, आणि शेवटी हाताच्या बोटांवर मोजण्याइतके उरले. सेवकरामचा त्यातला एक.

त्या घराचा एक नेम होता. खंडेनवमीला माग धुऊनपुसून घ्यायचा, फणीला आणि धोट्याला हळदकुंकू लावायचं, झेंडूचं फूल वाहायचं, आणि दुसऱ्या दिवशी दसऱ्याचं सोनं लुटून होईपर्यंत मागाला हात लावायचा नाही. सेवकरामचा बाप म्हणायचा, "वर्षभर हा आपल्यासाठी राबते. एक दिवस त्याले पडू दे." एकदा नागपूरचा एक व्यापारी ऐन दसऱ्याच्या सकाळी दारात गाडी घेऊन उभा राहिला. चार बोटं कापड विणायचं राहिलं होतं. बापानं त्याला पाणी पाजलं, सुपारी दिली आणि परत पाठवलं. लहान सेवकरामनं ते पाहिलं होतं, आणि शिकवलेल्यापेक्षा पाहिलेलं जास्त मुरतं.

अंकुश हा या नवराबायकोचा एकुलता एक मुलगा. बारावी झाला आणि पुढे काय शिकावं याचा घरात विचार चालला होता. धानकापणीच्या दिवसांत एका मित्राच्या शेतात, धानाच्या बांधीत मदतीला म्हणून गेला आणि पायाला विळा लागला. जखम बोटाच्या पेराएवढी. शोभाताईनं हळद भरली. दोन दिवसांनी पाय सुजला, चौथ्या दिवशी ताप डोक्यात गेला. आधी भंडारा, मग नागपूर. तिथले डॉक्टर रोज औषध बदलत होते आणि रोज तेच सांगत होते, की हे जंतू कोणत्याच औषधाला जुमानत नाहीत. बाराव्या दिवशी मुलगा गेला. एकोणीस वर्षांचं हट्टंकट्टं पोर पेराएवढ्या जखमेनं जातं, हे सेवकरामच्या डोक्यात कधी शिरलंच नाही. मागावर तेव्हा अर्धी साडी होती. तो पुन्हा खड्ड्यात उतरला नाही. शोभाताईनं त्या मागावर एक चादर टाकली, ती कायमची.

वर्षभर तो ओट्यावर बसून राहिला. शेवटी गावचेच मधुकरराव, जे भंडाऱ्याच्या एका कॉलेजात जीवशास्त्राचे विभागप्रमुख होते, त्यांनी त्याला कामाला लावलं. सकाळची बस, मोहाडी, मग वरठी, मग भंडारा. संध्याकाळी उलटं. कामात तो लवकरच रुळला. सुताचा धागा न तोडता सोडवणारे हात, त्यांना काचेच्या नळ्या काय जड! पाच वर्षांत त्याच्या हातून एक चंबू फुटला असेल, तोही आधीच तडकलेला.

दुसऱ्या वर्षी तिथे तेजस्विनी साठवणे आली. वरठीची पोर, पाच वर्षांची शिष्यवृत्ती मिळवून मधुकररावांच्या हाताखाली संशोधनाला लागलेली. अंगानं काडी, बोलणं फटाकडी. इंग्रजीतून मोठमोठी व्याख्यानं द्यायची, पण सेवकरामशी बोलताना घरचीच बोली. पहिल्याच आठवड्यात तिनं विचारलं, "काका, तुमच्याकडे कोसा विणतात ना? मले जिता किडा पायजे."

सेवकराम हसला. कोष्ट्याला कोसा माहीत, किडा नाही. किडा धीवराचा. तरी एका ओळखीच्या धीवराकडून तो ऐनाच्या फांदीसकट हिरवेगार, बोटाएवढे जाड किडे घेऊन आला. तेजस्विनीनं जंतूंत बुडवलेल्या सुईनं एकेका किड्याला टोचलं. सेवकरामला ते पाहवेना.

"काहून जीव घेता मॅडम त्याचा?"

"मरत नाही तो, काका. हीच तर गंमत आहे. आपल्याले डॉक्टर आहे, किड्याले कोण आहे? जंतू आत शिरले की त्याच्या रक्तातच प्रथिनाचा एक बारीकसा तुकडा तयार होते. पेप्टाइड म्हणतात त्याले. तो जाते अन जंतूच्या अंगाले भोकं पाडते. जे जंतू औषधाले जुमानत नाहीत ना, ते बी भोकं पडल्यावर काय करतीन?"

हे शेवटचं वाक्य ऐकून सेवकराम हातातली फांदी तशीच धरून उभा राहिला. औषधाला जुमानत नाहीत, हे शब्द त्यानं नागपूरच्या वॉर्डात बारा दिवस ऐकले होते. त्या दिवशी भांडी धुता धुता त्यानं तिला अंकुशचं सांगितलं. कॉलेजात तोवर कुणाला सांगितलं नव्हतं. सांगून झाल्यावर ती म्हणाली, "मी जे करून राहिली ते औषध नाही, काका. हे फक्त प्रयोगशाळेपुरतं आहे. याच्यापासून औषध व्हायले वीस वर्षं लागतीन, कदाचित होणारच नाही. पण कुठून तरी सुरुवात तर करा लागते."

ती खरं बोलली होती, पण दुःखी माणूस आपल्याला हवं तेवढंच ऐकतो. घरी जाऊन सेवकरामनं शोभाताईला सांगितलं, "ती पोरगी अंकुशच्या रोगावर औषध करून राहिली. आपल्याच कोशाच्या किड्यापासून." शोभाताईनं हातातलं काम बाजूला ठेवलं. मग म्हणाली, "मी किती किडे उकळले असतीन जी आजवर." आणि पदरानं डोळे पुसले. तेव्हापासून महिन्या-पंधरा दिवसांनी ती विचारायची, "झालं काय त्या पोरीचं औषध?" आणि सेवकराम सांगायचा, "होऊन राहिलं."

होणं सोपं नव्हतं. किड्याच्या रक्तातून निघून निघून निघणार किती? म्हणून तेजस्विनीनं तो तुकडा बनवण्याची कृती किड्यातून उचलली आणि एका साध्या जंतूच्या पोटात बसवली, म्हणजे त्या जंतूनंच तो बनवत राहायचा. पण जो तुकडा जंतूला मारतो, तो जंतूच्याच पोटात वाढवायचा कसा? तेव्हा त्याला एक शेपूट जोडायचं, ते असेपर्यंत तो मारू शकत नाही, आणि बाहेर काढल्यावर ते शेपूट कापायचं. सेवकरामला हे एका दमात समजलं. "धानाच्या चुरन्यात, मळणीत, बैलाच्या तोंडाले मुसकं बांधतात, तसं," तो म्हणाला. तेजस्विनीनं ते मधुकररावांना सांगितलं आणि दोघं हसले, पण पुढच्या व्याख्यानात तिनं बैलाच्या मुसक्याचं चित्र लावलं.

चौथं वर्ष सरत आलं तेव्हा एक दिवस तिनं त्याला हाक मारली. तिच्या हातात काचेची बशी होती. तिच्यात औषधांना न जुमानणाऱ्या जंतूंची पांढुरकी साय पसरली होती, आणि मधोमध, जिथे तिनं आपला थेंब टाकला होता, तिथे एक स्वच्छ गोल पडला होता.

"चंद्राले खळं पडते तसं," सेवकराम म्हणाला.

"त्या गोलात एक बी जंतू जिता नाही, काका."

त्याचे डोळे भरून आले. तिचेही आले, पण ती लगेच कामाला लागली. मग तिनं वर्षभर राबून त्या तुकड्याचं मोठं माप काढलं. वीस कुप्या. प्रत्येकीवर तिनं स्वतःच्या अक्षरात तारीख आणि खाली लिहिलं होतं, फक्त संशोधनासाठी. शेपूट कापायचं महागडं रसायन त्यात संपून गेलं. कुप्यांतलं पाणी उडवून त्याची पूड करायचं यंत्र नागपूरला होतं, तिथला नंबर दसऱ्यानंतरच्या मंगळवारी लागला होता. तोवर कुप्या त्याच साली आलेल्या नव्या डीप फ्रीजरमध्ये. शिष्यवृत्ती डिसेंबरात संपणार होती. त्या आधी विद्यापीठाच्या समितीपुढे त्या पुडीनं जंतू मारून दाखवायचे, म्हणजे पदवी, आणि पुढचं काम.

फ्रीजरची चावी तिनं सेवकरामच्या हाती दिली होती. "दार कोणालेच उघडू देऊ नका," ती म्हणाली होती. लाईन तर भंडाऱ्यात तेव्हा येता-जाता जायची. पहिल्यांदा लाईन गेली तेव्हा तो घाबरून तिच्याकडे धावला होता, तर ती म्हणाली, "घाबरू नका काका. दार बंद राहिलं तर आतली थंडी आतच राहते. काही होत नाही." ही गाठ त्यानं मनाशी बांधून ठेवली. आणि तिथेच घात झाला.

खंडेनवमी शनिवारी आली, दसरा रविवारी. कॉलेजला सुट्टी. पण प्रयोगशाळेतल्या यंत्रांची पूजा सेवकराम दरवर्षी करायचा. सूक्ष्मदर्शक, ओव्हन, जोरात गरगरणारं ते यंत्र, ज्याला तो चरखा म्हणायचा, सगळ्यांची बटणं बंद करायचा, हळदकुंकू लावायचा, आणि दसऱ्याच्या संध्याकाळी परत चालू करायचा. मधुकररावांना त्याचं कौतुक होतं. आतापर्यंत थंडाव्याची पेटी विभागप्रमुखांच्या खोलीत असायची, ती त्याच्या हाती नव्हती. या वर्षी होती.

निघताना शोभाताईनं कुंकवाची पुडी त्याच्या हातात दिली. "ज्या मशिनीत आपल्या अंकुशचं औषध आहे, तिले सगळ्यात आधी लावा. अन तिले बी एक दिवस पडू द्या जी. रात्रंदिवस राबून राहिली बिचारी."

सेवकरामनं तसंच केलं. पांढऱ्या दारावर कुंकवाचं बोट ओढलं, वर झेंडूचं फूल ठेवलं, हात जोडले, आणि बटण बंद केलं. घरघर थांबली. दार बंद होतं. दार बंद राहिलं तर काही होत नाही. चार तास लाईन जाणं आणि दोन दिवस बटण बंद असणं यातला फरक त्याला कुणी सांगितला नव्हता, आणि विचारावं असं त्यालाही वाटलं नव्हतं. करायला गेले गणपती आणि झाला मारुती, असं आपण हसत म्हणतो. इथे हसायला कुणी नव्हतं.

रविवारी संध्याकाळी पाचच्या सुमाराला तो खिशात आपट्याची पानं घेऊन आला. दार उघडलं तर खोली भट्टीसारखी तापलेली आणि फ्रीजरच्या खाली पाण्याचं थारोळं. त्यानं वर्षभरात पहिल्यांदा फ्रीजरचं दार उघडलं. बर्फ नव्हता. वीस कुप्या कोमट पाण्यात तिरप्या पडल्या होत्या, आतलं सगळं पातळ. त्यानं दार लावलं. बटण दाबलं. घरघर सुरू झाली. मग गुडघ्यांवर बसून त्यानं ते पाणी पुसलं, फडकं पिळलं, पुन्हा पुसलं. कुंकवाचं बोटही पुसलं. ते का पुसतो आहोत हे त्याला पुसतानाच कळलं.

त्यानं मोबाईल काढून तेजस्विनीला लावला. एक घंटी वाजली आणि त्यानं कापला. लगेच तिचाच फोन आला. मागे पोरांचा गलका होता.

"काका, काय झालं?"

सेवकरामच्या तोंडात पुरं वाक्य तयार होतं. मॅडम, माझ्या हातून मशीन बंद राहिली. एवढंच म्हणायचं होतं. तो म्हणाला, "काही नाही. दसऱ्याचं सोनं द्यायचं होतं तुम्हाले."

"घेतलं, काका. तुम्ही बी घ्या, अन सोन्यासारखे राहा. काकूले माझा नमस्कार सांगा. परवा मी नागपूरले जाते, आपलं काम झालंच समजा."

आपलं काम, असं ती म्हणाली. सेवकराम त्या यंत्राजवळ बसून राहिला. नोकरी जाईल, ही भीती होतीच. मधुकररावांची मान खाली जाईल, ही होती. पण सगळ्यात मोठी भीती ही होती, की शोभाताईला कळेल. ते बोट तिच्या पुडीतल्या कुंकवाचं होतं, आणि एक दिवस पडू द्या हे तिचे शब्द होते. मुलगा गेल्यावर ज्या एका आशेवर ती जेवत होती, ती तिनंच विझवली असं तिला कुणी सांगायचं?

सोमवारी कुप्या पुन्हा दगडासारख्या गोठल्या होत्या. काही झालंच नाही असं दिसत होतं, आणि सेवकरामनंही स्वतःला तसंच समजावलं. गोठलं म्हणजे पहिल्यासारखं झालं. झाकली मूठ सव्वा लाखाची. मंगळवारी बर्फाची पेटी डोक्यावर घेऊन तो तिला भंडाऱ्याच्या बसस्थानकावर सोडायला गेला. बस लागायला वीस मिनिटं होती. वीस मिनिटं ती बोलत होती आणि तो हो हो म्हणत होता.

पंधरा दिवसांनी तिनं बशीत थेंब टाकला. दुसऱ्या दिवशी बघते तर पांढुरकी साय सरसकट, खळं कुठेच नाही. तिनं पुन्हा केलं, तिसऱ्यांदा केलं. दुसऱ्या एका तपासणीत दिसलं, की तिच्या तुकड्याचे आणखी बारीक बारीक तुकडे होऊन गेले आहेत. मधुकरराव चष्मा काढून म्हणाले, "तेजस्विनी, तुझं शुद्धीकरण नीट झालेलं नाही. आणि मला तर आता शंका येते, की तो पहिला गोल तरी खरा होता का? मिठानंही कधी कधी असा गोल पडतो." ते वाईट मनाचे नव्हते. समोर दिसत होतं तेच बोलत होते.

"हो सर," ती म्हणाली. "माझंच चुकलं असेल."

सेवकराम दोन हातांवर पलीकडे बशा धूत होता. त्याच्या हातून एक बशी निसटली आणि फुटली. दोघांनी वळून पाहिलं. तो काचा वेचू लागला. बोट कापलं, रक्त आलं, तेजस्विनी धावत पट्टी घेऊन आली आणि त्याचं बोट बांधत म्हणाली, "जपून, काका." तेव्हाही तो बोलला नाही.

घाईघाईत तिनं उसन्या रसायनावर एक छोटं माप पुन्हा करून पाहिलं, तेही साधलं नाही. धास्तावलेल्या माणसाचं काम साधतं कुठे? डिसेंबरात समितीपुढे तिनं स्वतःच सांगितलं, की पहिल्या निकालावर तिचा स्वतःचाच विश्वास राहिलेला नाही. शेवटच्या दिवशी ती प्रयोगशाळेच्या चाव्या द्यायला सेवकरामपाशी आली. "तुमच्या अंकुशसाठी माझ्यानं काहीच झालं नाही, काका," ती म्हणाली. "माफ करा." आणि त्याच्या पाया पडली.

त्यानंतर सहा वर्षं गेली. बस रोज वरठीवरून जायची. संध्याकाळी परतताना रेल्वे फाटकाच्या पुढे उजव्या हाताला तेजस्विनीचं घर लागायचं, म्हणून सेवकराम तेव्हा नेहमी डाव्या खिडकीशी बसायचा. चोराच्या मनात चांदणं. कुणीतरी सांगितलं, की ती आता शिकवणी वर्ग घेते, फक्त गणिताचे. विज्ञान शिकवायला नाही म्हणते. खंडेनवमी यायची, सेवकराम यंत्रांची पूजा करायचा, पण बटणं बंद करायचा नाही. आणि घरी शोभाताईचं ठरलेलं विचारणं, "झालं काय त्या पोरीचं औषध?" तो म्हणायचा, "होऊन राहिलं." हे वाक्य म्हणताना जीभ इतकी सरावली होती, की त्याची त्यालाच शरम वाटायची.

त्याच्या निवृत्तीच्या आदल्या वर्षी, दसऱ्याच्या तोंडावर, तो फ्रीजर नीट चालेनासा झाला आणि भंगारात निघाला. रिकामा करायचं काम सेवकरामकडेच. तळाशी, बर्फात रुतलेला, कुप्या ठेवायचा एक प्लास्टिकचा साचा निघाला. त्यात तीन कुप्या, शाई फिकटलेली. फक्त संशोधनासाठी. नागपूरला सतरा गेल्या होत्या, या तीन तिनं जपून मागे ठेवल्या असाव्यात. सेवकरामनं तो साचा रुमालात बांधला. त्या संध्याकाळी बसमध्ये तो उजव्या बाजूला बसला आणि वरठीला उतरला.

तेजस्विनी ओसरीत पोरांना अपूर्णांक शिकवत होती. अंगानं थोडी भरली होती, केसांत एक पांढरी बट. त्याला पाहून उठली. "काका? या, बसा." पोरांना तिनं आत पाठवलं. सेवकराम बसला नाही. रुमाल सोडून त्यानं साचा तिच्यापुढे ठेवला. तिनं एक कुपी उचलून स्वतःचं अक्षर वाचलं आणि कसनुसं हसली.

"मॅडम, त्या साली नवमीले मी हे मशीन बंद केलं होतं," सेवकराम म्हणाला. "पूजा केली अन बटण बंद केलं. आमच्याकडे मागाले तसाच आराम देतात. दसऱ्याले चालू केलं. पाणी पुसून टाकलं. फोन तुम्हाले त्याच्याचसाठी लावला होता. मग तोंडच उघडलं नाही."

ती शिव्या देईल, दारातून घालवेल, मधुकररावांना फोन लावेल, या सगळ्याची त्यानं बसमध्ये तयारी केली होती. तिनं विचारलं, "किती वाजता बंद केलं?"

"शनिवारी सकाळी दहाले. रविवारी पाचले चालू केलं."

"एकतीस तास," ती म्हणाली. "कुप्यांतलं सगळं पातळ झालं होतं?"

"हो. कोमट होतं."

"अन मग परत गोठलं. गरमीनंच मोडला तो तुकडा." ती खाली बसली. कुपी तिच्या मुठीत होती. बराच वेळ ती समोरच्या फळ्यावरच्या अपूर्णांकांकडे पाहत राहिली. मग हळूच म्हणाली, "म्हणजे पहिलं खळं खरं होतं."

सेवकरामला वाटलं ती त्याला विचारते आहे. "खरं होतं, मॅडम. मी पाहिलं होतं."

"खरं होतं," ती पुन्हा म्हणाली आणि रडायला लागली. "सहा वर्षं मी स्वतःले खोटी समजत होती, काका. मले वाटे, माझ्या डोळ्यांनी जे पाहिलं तेच खोटं. त्याच्यानंतर मले कशाचाच भरवसा वाटला नाही. दोनचे अर्धे करतानाही मी दोनदा तपासून पाहते."

सेवकरामला आजवर वाटत होतं, की आपण वीस कुप्या नासवल्या. आपण या पोरीचा स्वतःवरचा विश्वास नासवला, हे त्याला त्या ओसरीत कळलं. तो खाली बसला.

"तेव्हा सांगतलं असतं, तर?" त्यानं विचारलं.

तिनं डोळे पुसले. ती खोटं बोलणारी नव्हती. "तर मी मुदत मागितली असती. मशीन बंद पडलं म्हणून देतात मुदत. मी पुन्हा केलं असतं."

"अन आता?"

"आता कुठे, काका. दुसऱ्या कोणी कुठे केलं बी असेल." ती उठली. "चहा टाकते." त्याला नको होता, पण त्यानं घेतला. निघताना ना तिनं माफ केलं म्हटलं, ना ती काही वाईट बोलली. तिन्ही कुप्या मात्र स्वतःपाशी ठेवून घेतल्या.

आंधळगावला पोचेपर्यंत दिवेलागण झाली होती. शोभाताई दाराशीच बसली होती, गुडघे धरून. दुसऱ्या दिवशी नवमी. तिनं दरवर्षीप्रमाणे कुंकवाची पुडी बांधून ठेवली होती, आणि ती त्याच्यापुढे धरत विचारलं, "झालं काय जी त्या पोरीचं औषध?"

सेवकरामनं चपला काढल्या. चादर टाकलेल्या मागाच्या कडेला टेकला.

"झालं होतं, अंकुशची माय," तो म्हणाला.

शोभाताईचा हात तसाच पुढे राहिला. "होतं म्हणजे? मंग?"

त्यानं तिच्या हातातल्या पुडीकडे पाहिलं. ती पुडी घेतली आणि खिशात ठेवली.

"मंग माझ्या हातून सांडलं," सेवकराम म्हणाला.